कुठे कडक, कुठे सैल

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजात 'कॉलेज अल्जिब्रा' घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात पहिल्याच दिवशी कोर्सचं सिलॅबस पडतं. प्रकरणांची यादी त्यात जेमतेम अर्धं पान असते, बाकी सगळे नियम. हजेरी कशी मोजणार, गृहपाठ किती वाजता बंद होणार, कोणता कॅल्क्युलेटर चालेल, परीक्षा चुकली तर काय, कॉपी पकडली तर काय. विषय तसा अवघड नाही: वर्गसमीकरणं, बहुपदी, फलनं आणि त्यांचे आलेख, घातांक, लॉगॅरिदम. आपल्याकडे बारावी सायन्स केलेल्या मुलाने यातलं बहुतेक पाहिलेलं असतं. तरीही तिथल्या लाखो मुलांच्या पदवीच्या वाटेत हाच कोर्स आडवा येतो. डी, एफ आणि मध्येच सोडल्याचा डब्ल्यू, या तीन शेऱ्यांची बेरीज करून कॉलेजं दर सत्राला चिंता करतात. आपली बरीच मुलं-मुली एमएस-पीएचडी करताना टीचिंग असिस्टंट म्हणून याच वर्गांवर उभी राहतात. पंचाहत्तर टक्के हजेरी, टर्मवर्क आणि केटीच्या जगात घडलेलं मन घेऊन ती हे नियम वाचतात आणि मुलांना लागू करतात.

या नियमांवरचा वाद नेहमी कडक विरुद्ध सैल असाच मांडला जातो. मला ती मांडणी अपुरी वाटते. प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारावेत. याच्यामुळे विद्यार्थी स्वतःच्या हाताने गणित करेल का? आणि चुकला तर ते त्याला वेळेत कळेल का? या कसोटीवर काही कडक नियम निकामी ठरतात आणि काही सैल नियमही. दोन्ही बाजूंना पूर्ण जोर मिळावा म्हणून मी त्या दोन काल्पनिक मराठी शिक्षकांच्या तोंडी घातल्या आहेत. दोघं अमेरिकेत एकाच गणित विभागात शिकवतात असं धरू. सर कडक, मॅडम सैल. निदान सुरुवातीला तरी.

सर : मॅडम, आधी तासांचा हिशोब करू. अमेरिकी केंद्र सरकारची क्रेडिटची व्याख्या सरळ आहे: वर्गात एक तास, तर वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास. आपला कोर्स तीन क्रेडिटचा. म्हणजे वर्गात तीन आणि घरी सहा, असे आठवड्याला नऊ तास. हे पहिल्या पानावर ठळक लिहायला आपण कचरतो आणि मग नवव्या आठवड्यात ऐकून घेतो की इतका अभ्यास लागेल असं कुणी सांगितलंच नव्हतं. बीजगणित नुसतं पाहून येत नाही, हात चालवावा लागतो. अठरा वर्षांचं पोर आपण होऊन रोज वही उघडेल ही आशा मी बाळगत नाही. म्हणून हजेरीला मार्क, गृहपाठाला मार्क आणि उशीर झाला तर शून्य. मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॉलेजातल्या हजेरीवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. मुलाला किती मार्क पडतील याचा अंदाज एसएटी या प्रवेशपरीक्षेतल्या किंवा शाळेतल्या मार्कांपेक्षा त्याच्या हजेरीवरून जास्त चांगला येतो, असं त्यात दिसलं. हे माहीत असताना हजेरी ऐच्छिक ठेवायची म्हणजे बुडणाऱ्याकडे बघत राहायचं.

मॅडम : सर, तोच आढावा थोडा पुढे वाचा. हजेरी आणि मार्कांचं नातं घट्ट आहे, पण हजेरी सक्तीची केल्याने मार्क वाढतात ते थोडेसेच, हेही त्यातच आहे. आपण होऊन येणारा मुलगा शिकतो, म्हणून धरून आणलेलाही तितकाच शिकेल असं त्यातून निघत नाही. शिवाय हजेरीचे मार्क बेरजेत काय करतात ते पाहू. समजा, हजेरीला १० टक्के, ऑनलाइन गृहपाठाला २० आणि परीक्षांना ७०. एक मुलगा एकही तास बुडवत नाही, गृहपाठ पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ९५ वर नेतो आणि परीक्षांत सरासरी ६० मिळवतो. त्याचे झाले १०, १९ आणि ४२, एकूण ७१. 'सी' मिळाला, सुटला. दुसरी मुलगी रात्रपाळी करते. निम्मे तास बुडतात, निम्मे गृहपाठ राहतात, पण परीक्षांत तिची सरासरी ७५ आहे. तिचे झाले ५, १० आणि ५२.५, एकूण ६७.५. 'डी'. पुढच्या कोर्सला 'सी' लागतो, तेव्हा तिने हाच कोर्स पुन्हा फी भरून करायचा. बीजगणित जास्त कुणाला येतं? कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिकणारेच बहुसंख्य आहेत, सर. ही मुलगी काही अपवाद नाही.

सर : ती वर्गात आली असती तर ७५ चे ८५ झाले असते, हे तुम्ही सोयीने विसरता. आणि नोकरीतही वेळेवर हजर राहावंच लागतं.

मॅडम : आली असती तर झालेही असते, पण ते वर्गात काय चालतं त्यावर आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. शिक्षक बोलतो आणि मुलं उतरवून घेतात अशा वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती. जिथे मुलांना वर्गातच काम करायला लावलं तिथे २१.८ टक्के. हजेरीपट वाचण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत कागदावर दोन गणितं द्या आणि त्यांना मार्क ठेवा. आलेल्याला त्याचा मोबदला मिळेल, न आलेल्याचं नुकसान होईल, पण मोजलं जाईल ते गणित.

इथे मला मॅडमचं पटतं, एका अटीवर. ती दहा मिनिटं दर तासाला हवीत. अधूनमधून घेतलेली चाचणी परीक्षेसारखीच भीती घालते. दर तासाची चाचणी अंगवळणी पडते आणि चूक त्याच आठवड्यात उघडी पाडते. नोकरीतल्या वक्तशीरपणाचा सरांचा मुद्दा चुकीचा नाही, पण तो बीजगणिताच्या मार्कपत्रात बसत नाही. 'सी' हा शेरा वाचणाऱ्या पुढच्या शिक्षकाला त्यातून एकच गोष्ट कळायला हवी: या मुलाला वर्गसमीकरण सोडवता येतं का. तारखांच्या बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूचा आहे, आणि मॅडमनाही पुढे ते मान्य करावं लागतं.

सर : ठीक, हजेरीचे मार्क सोडले. पण मुदतीही सैल करा असं म्हणाल तर ऐकणार नाही. 'सत्र संपेपर्यंत केव्हाही द्या' हा उदारपणा मुलांना खड्ड्यात घालतो. डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्यांना समान अंतराच्या मुदती बाहेरून घालून दिल्या त्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं, ज्यांनी मुदती स्वतः ठरवल्या त्यांचं त्याहून कमी, आणि ज्यांना फक्त शेवटची तारीख दिली त्यांचं सगळ्यात वाईट. बीजगणितात तर एकावर एक मजले आहेत. अवयव पाडता येत नसतील तर परिमेय पदावली कशी सोपी करणार? तिसऱ्या आठवड्यातला गृहपाठ तेराव्या आठवड्यात घेतला तर माझ्याकडे कागद जमा होतो, त्याच्याकडे ज्ञान नाही.

मॅडम : तारखा हव्यातच, त्यावर मी भांडत नाही. माझं भांडण शून्याशी आहे. चार परीक्षांत ८०, ८०, ८० आणि एका तापाच्या दिवशी ०. सरासरी ६०. त्या साठातून मुलाला काय येतं ते कळतं का? आणि शून्य टाळायचं तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. ज्याच्याकडे विमा नाही त्याने साध्या तापाच्या चिठ्ठीसाठी क्लिनिकची फी भरायची. ज्याची आजी वारली त्याने मृत्यूची बातमी छापून आणायची. आपण शिकवायला बसलोय, पुरावे तपासायला नाही. सत्रअखेरीच्या परीक्षेत सगळा अभ्यासक्रम असतो. तिच्या मार्कांनी आधीची एक परीक्षा बदलता येईल असा नियम करा. चिठ्ठ्या संपतील, खोटं बोलण्याचं कारण संपेल, आणि ज्याने नंतर शिकून घेतलं त्याला ते दाखवायची जागा मिळेल. गृहपाठासाठी सत्रात दोन-तीन वेळा, कारण न विचारता, दोन दिवसांची सवलत.

सर : अपंगत्वामुळे ज्यांना परीक्षेत जास्त वेळ द्यावा लागतो त्यांचं?

मॅडम : ते आपल्या मर्जीवर नाहीच. १९७३ आणि १९९० च्या कायद्यांनी ते बंधनकारक आहे. आपण फक्त ते सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहायचं, म्हणजे मुलाला ते भीक मागितल्यासारखं वाटणार नाही.

सर : बरं, आता खऱ्या दुखण्यावर येऊ. २०१४ मध्ये फोटोमॅथ आलं. गणितावर मोबाइल धरला की पायऱ्यांसकट उत्तर. २०२२ अखेर चॅटजीपीटी आलं. ऑनलाइन गृहपाठात ९५ आणि परीक्षेत ४५ अशी मुलं दर वर्गात दिसतात. म्हणून माझ्या सिलॅबसमध्ये दोन ओळी आहेत: गृहपाठ एकट्याने करायचा, आणि पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क नाहीत.

मॅडम : दुसरी ओळ शिरसावंद्य. पहिली ओळ खोडा. तुम्ही जे बंद करताय नेमक्या त्यानेच मुलं पास होतात, हे बर्कलीत सिद्ध झालंय.

मॅडम ज्याकडे बोट दाखवतात ते काम उरी ट्राइसमन यांचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्समध्ये मोठ्या संख्येने अडखळत होते. का, असं विचारल्यावर शिक्षकांनी ठरीव कारणं दिली: जिद्द कमी, शाळेत पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, पैसा नाही. ट्राइसमन यांनी या कारणांवर विश्वास ठेवण्याऐवजी मुलं अभ्यास कशी करतात तेच पाहिलं. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि त्यांच्यामागे त्यांच्या खोल्यांपर्यंत गेले. एकेक कारण गळून पडलं. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती, पण एकेकटी. अभ्यास वेगळा, मित्र वेगळे. अडलं की आपणच कमी आहोत असं मानून गप्प. चिनी मुलं आठवड्याला आठ-दहा तास एकट्याने गणितं करत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांच्या वह्या तपासत. कुणाचं काय चुकलं, परीक्षेत काय येईल, कोणतं गणित कुणालाच सुटलं नाही, हे त्यांना आधीच ठाऊक असे. सगळ्यांनाच न सुटलेलं गणित म्हणजे गणितच अवघड, आपण मठ्ठ नाही, हा निष्कर्षही त्यांना आपोआप मिळे. यावरून ट्राइसमन यांनी जी कार्यशाळा उभी केली तिचं वैशिष्ट्य विसरलं जातं. तिथे मागे पडलेल्यांची शिकवणी नव्हती; गटात बसून नेहमीपेक्षा अवघड गणितं सोडवायची होती. त्यातली मुलं कॅल्क्युलसमध्ये उत्तम पास होऊ लागली. अपेक्षा उंच ठेवली आणि तिथवर पोचायला सोबत दिली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. हा पुरावा हाताशी असताना 'गृहपाठ एकट्याने' हा नियम मला घातकच वाटतो. तो कॉपी करणाऱ्याला थांबवत नाही, कारण त्याच्या खिशात मोबाइल आहेच. थांबतो तो प्रामाणिक मुलगा, ज्याला शेजारच्याला विचारायचं होतं.

सर : मग कोणतं काम कुणाचं हे कळणार कसं?

मॅडम : वर्गातल्या कागदावर. गृहपाठाचं वजन दहा टक्क्यांवर आणा, तो सराव आहे म्हणून सांगा, आणि चाचणीत त्याच धर्तीचं गणित द्या. आणि गृहपाठ प्रकरणवार देऊ नका, मिसळून द्या. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. एकाच प्रकारची गणितं सलग करणाऱ्यांना सराव करताना ८९ टक्के जमत होती, मिसळून करणाऱ्यांना ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाल्यांना २० टक्के, मिसळवाल्यांना ६३. ऑनलाइन गृहपाठातले ९५ कुठून येतात आणि परीक्षेत ४५ का पडतात, याचं अर्धं उत्तर यात आहे. दर वेळी दोष कॉपीचाच नसतो.

पायऱ्यांच्या नियमावर दोघांचं एकमत आहे, तरी त्याचं कारण नीट मांडायला हवं, कारण 'उत्तर बरोबर आहे ना, मग मार्क का कापले?' ही तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या दारात येते. भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं एक गणित घ्या. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातवाने मठ उभारल्याचा शिलालेख आहे, हा वारसा आपल्याच अंगणातला.) वानरांच्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, जे उरलं त्याच्या वर्गाइतकी वानरं गुहेत शिरली आणि एक वानर फांदीवर दिसतंय, तर कळप किती? क्ष भागिले पाच, वजा तीन, कंसाचा वर्ग, अधिक एक, बरोबर क्ष. वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात: ५० आणि ५. दोन्ही समीकरणात तंतोतंत बसतात. पण पाच धरलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले तर उरतात उणे दोन वानरं. भास्कराचार्य हे दुसरं उत्तर सोडून देतात, कारण उणी संख्या इथे लोकांना मान्य होणार नाही. मोबाइल दोन्ही मुळं क्षणात देतो. कोणतं ठेवायचं हे गणित वाचून ठरतं, आणि ते ठरवलं गेलं की नाही हे फक्त लिहिलेल्या ओळीत दिसतं. जो मुलगा क्ष वर्ग बरोबर पाच क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्षने भागून 'पाच' लिहितो, त्याचं शून्य कुठे हरवलं हेही त्या ओळीतच सापडतं. पायऱ्या नसतील तर शिक्षक फक्त चूक की बरोबर एवढंच सांगू शकतो. काय चुकलं ते सांगूच शकत नाही. कॅल्क्युलेटरचा नियमही यावरूनच ठरावा. आलेख काढणारा टीआय-८४ चालू द्यावा. समीकरण स्वतः सोडवून देणारा टीआय-८९ परीक्षेत नको.

सर : मॅडम, हे सगळं ज्याचा पाया आहे त्याच्यासाठी. ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याच्यापुढे उंच अपेक्षा ठेवणं क्रूरपणाच आहे. त्याला आधी पूर्वतयारीच्या कोर्सला पाठवा.

मॅडम : पाठवून पाहिलं, सर, आणि वर्षानुवर्षं. थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की गणिताच्या पूर्वतयारीला पाठवलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलं ती साखळी पूर्ण करतात. बाकीच्यांतली बरीच नापास न होताच गळतात. कित्येक तर नावही नोंदवत नाहीत. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा केला: शाळेतली कामगिरी पाहून मुलाला शक्यतो थेट पदवीच्या कोर्समध्ये घ्या आणि लागेल ती मदत सोबत द्या.

सर : आणि वर्गातली नापासाची टक्केवारी वाढली, तेही सांगा. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतला २०१६ चा प्रयोगही मला माहीत आहे. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली. पूर्वतयारीच्या बीजगणितात ३९ टक्के पास, बीजगणिताला जोडून कार्यशाळा दिली तर ४५, आणि थेट संख्याशास्त्राला कार्यशाळेसह बसवलं तर ५६. यातून तुम्ही म्हणणार, बीजगणितच काढून टाका.

मॅडम : ज्याला पुढे कॅल्क्युलस घ्यायचा नाही त्याच्यासाठी संख्याशास्त्र चांगलं, हे मी म्हणेनच. पण ज्याला पुढे जीवशास्त्र, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी घ्यायची आहे त्याला बीजगणितापासून वाचवणं म्हणजे त्याचं दार आपण लावणं.

सरांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. कॅलिफोर्नियात पदवीचं गणित पास होणाऱ्यांची एकूण संख्या वाढली, आणि वर्गातलं नापासाचं प्रमाणही. दोन्ही एकाच कारणाने झालं: पूर्वी वर्गाच्या बाहेरच अडवलेली मुलं आता आत आली. माझ्या मते यामुळेच सिलॅबसच्या नियमांना आज पूर्वीपेक्षा जास्त वजन आलं आहे. निवड आधी दारावर होत असे. आता ती वर्गातल्या नियमांकडून नकळत होते. अपूर्णांक न येणारा मुलगा पहिल्या परीक्षेत ४० मिळवतो. नियम जर म्हणत असेल की ते ४० कायमचे, तर चौथ्या आठवड्यातच त्याचा हिशोब संपतो आणि तो डब्ल्यू घेऊन निघून जातो. तेच ४० दुरुस्त करता येत असतील, म्हणजे एका आठवड्यात प्रत्येक चुकीखाली काय चुकलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं आणि मग त्याच भागावर नव्या गणितांची परीक्षा द्यायची, तर पाचव्या आठवड्यात तो वर्गात असतो. मुदत कडक, मार्क बदलता येणारे. सर विचारतील, मग पहिल्या वेळी अभ्यास कोण करणार? जो पुन्हा बसण्यासाठी आधी सगळ्या चुका लिहायच्या आहेत हे जाणतो, तो पहिल्याच वेळी करेल. पुन्हा बसणं पहिल्या वेळी अभ्यास करण्यापेक्षा जास्त मेहनतीचं ठेवलं की ही शंका उरत नाही. ढिलाई येते ती विनाअट पुनर्परीक्षेतून.

सर : एवढं सगळं तपासणार कोण? माझ्याकडे पाच वर्ग आहेत. दर तासाची चाचणी, चुकांचे खुलासे, नव्या परीक्षा. ऑनलाइन गृहपाठ संगणक तपासतो म्हणून मी तो ठेवला होता, आळसाने नाही.

मॅडम : हजेरीपट आणि डॉक्टरच्या चिठ्ठ्या गेल्या की थोडा वेळ सुटेल, पण पुरेसा नाही. हे मान्य.

यावर मॅडमकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही विभागाच्या आत मिळणारं उत्तर नाही. हा कोर्स अमेरिकेत मोठ्या प्रमाणात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या आणि टीचिंग असिस्टंटच्या खांद्यावर चालतो. तासिकेवरच्या शिक्षकाला कोर्समागे ठरलेली रक्कम मिळते. मुलांशी वर्गाबाहेर बसण्याचे आणि तपासणीचे तास त्यात बहुतेकदा वेगळे धरलेले नसतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणून नियम लिहिणाऱ्या विभागप्रमुखाने सिलॅबसच्या मसुद्याबरोबर आणखी एक कागद डीनकडे पाठवावा: दर वर्गामागे आठवड्याला तपासणीचे किती तास लागतील, ते कोण करेल आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून येतील. तो कागद मंजूर होईपर्यंत पुनर्परीक्षा निदान पहिल्या परीक्षेला तरी ठेवावी, कारण मुलं गळायला लागतात ती तिथेच.